खोलीच्या जागी उरलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पावभट्टी आहे आणि माझी प्रकृती अगदी ठणठणीत आहे. हे सांगताना मला लाज वाटते. का वाटते, तेच सांगायला बसले आहे.

फ्रान्सच्या मध्यावर क्रूझ नावाचा डोंगराळ, ओलसर मुलूख आहे. तिथल्या एका लहान वस्तीतल्या दगडी घरात मी राहते. माझं तोंड स्वयंपाकघरातल्या चुलाण्यात उघडतं. माझा घुमट मात्र भिंतीपलीकडच्या कोठीच्या खोलीत आहे, गाभण गाईच्या पोटासारखा फुगलेला. कोठीची अर्धी जागा मीच अडवली आहे.

मला बांधलं ते या घराचा मालक आन्सेल्म याच्या आजोबांनी. ते गवंडी होते. उन्हाळाभर पॅरिसला जाऊन परक्यांची घरं बांधायची आणि थंडीत गावी परतायचं, असा त्या काळी इथल्या पुरुषांचा रिवाज होता. अशाच एका हिवाळ्यात त्यांनी वीट वीट तासून माझा घुमट जुळवला. त्यांच्या बायकोने पायाने माती तुडवली. पहिल्या जाळाने मला तडा गेला, तेव्हा ती रडली आणि ते हसले. "रडतेस काय? तडा गेला म्हणजे श्वास घेतेय ती," असं म्हणून त्यांनी तो लिंपला.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. आधी राय नावाच्या गव्हासारख्या काळपट धान्याच्या पिठाचे मोठे गोल पाव. ते निघाले की उरलेल्या आचेवर आलुबुखारांचे गोड पाव, आणि अगदी शेवटच्या कोमट उबेत नाशपातीच्या फोडी वाळत पडायच्या. आन्सेल्म अपुऱ्या दिवसांचा जन्मला, तेव्हा त्याच्या आईने त्याला टोपलीत घालून माझ्या तोंडाशी ठेवलं होतं. "हिनेच तुला वाचवलं," असं ती त्याला सांगायची. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पुढे बेकरीची गाडी भोंगा वाजवत दारात येऊ लागली आणि माझं काम संपलं. आन्सेल्मने माझ्यात बटाटे ठेवले, मोडक्या छत्र्या ठेवल्या. एकदा मांजर व्यायली. कुणी हळहळलं की तो म्हणायचा, "अहो, पाव दारात येतो. सरपण कोण फोडणार?" त्याचं ते बोलणं मला लागायचं. आता वाटतं, माझ्या बाबतीत खरं बोलणारा तोच एक होता.

एका जानेवारीत आन्सेल्म जिन्यावरून घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. बायको केव्हाच वारलेली. एकुलती एक मुलगी गिस्लेन लिमोज शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. दवाखान्यातून तिने त्याला घरी आणलं ते फक्त कपडे घ्यायला.

"घर दुरुस्त होईपर्यंतच वृद्धाश्रमात राहायचं, बाबा," ती म्हणाली. "खाली कोठीत तुमची खोली करू. संडास-न्हाणी शेजारीच. जिना चढायलाच नको."

"आणि कोंबड्या?"

"शेजारच्या लेओनीकाकू सांभाळतील."

"सांभाळते कसली! खाईल ती," आन्सेल्म म्हणाला. पण गाडीत जाऊन बसला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण त्याला लवकरच परत यायचं होतं.

गिस्लेन खोटं बोलली नव्हती, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. तिने आणि तिच्या नवऱ्याने, दिदियेने, खरंच काम काढलं. छप्पर उतरवलं. कुजलेले वासे बदलले. भिंतींवरचा पोपडे धरलेला गिलाव्याचा थर खरवडला, तेव्हा आतला ग्रॅनाइट उजेडात आला. दर शनिवार-रविवार दोघं चुन्याने माखलेली असत. त्यात कोठीची पाळी आली. तिथे पलंग, संडास आणि न्हाणी बसवायची तर मला पाडणं भाग होतं. रेमी गवंड्याने माझ्या घुमटावर खडूने मोठी फुली मारली.

मित्रांनो, मला जगायचं होतं. बटाट्यांची भट्टी म्हणून का होईना, जगायचं होतं.

रेमीने हातोडा उचलला आणि गिस्लेन धावत आली. "थांबा, थांबा! एकदा बघू द्या." तिने बॅटरी घेऊन माझ्या तोंडात डोकं घातलं. आतल्या विटा एकमेकींना कशा धरून बसल्या आहेत, ते तिने पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर काजळी आणि पाणी होतं.

"पणजोबांच्या हातची आहे ही," ती म्हणाली. "बाबांना हिने वाचवलंय. पाडली हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग त्यांची खोली?" दिदियेने विचारलं.

"वरची देऊ. जिन्याला कठडा बसवू. तोवर चालायला लागतील ते."

"आणि नाही लागले तर?"

"दिदिये, आत्ता नको ना."

दिदियेने बाहीने खडूची फुली पुसली. मी आनंदाने वेडी झाले होते. त्या आनंदात आन्सेल्म कुठे झोपेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घर तयार झालं. देखणं झालं. गिस्लेन दर रविवारी वडिलांना भेटून येई आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसे.

"आजही विचारलं त्यांनी. झालं का घर म्हणून."

"मग?"

"थोडं बाकी आहे म्हटलं."

"काय बाकी आहे?" दिदियेने विचारलं. त्याने टोमणा मारला नव्हता. तरी गिस्लेनने उठून स्वयंपाकघरभर नजर फिरवली. काहीतरी अर्धवट राहिलेलं ती शोधत होती. तिला काहीच सापडलं नाही.

मग त्यांनी मला पेटवलं. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात जाळ झाला. शहरातले मित्र आले, त्यांनी पाव फोडून वास घेतला आणि माझे फोटो काढले. "उन्हाळ्यात पाहुण्यांना घर भाड्याने द्या, भट्टी बघूनच लोक येतील," असं कुणीतरी सुचवलं. दिदियेने मान डोलावली. शेजारच्या लेओनीकाकू कोपऱ्यात पाव चावत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, बोलता मात्र भरपूर यायचं.

"भट्टी वाचवलीस, गिस्लेन. छान केलंस हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता म्हातारा कुठे ठेवायचा तेवढं बघ. भट्टीत मावेल का बघ एखादे वेळी."

गिस्लेनने हातातली सुरी पावाशेजारी ठेवून दिली.

पुढच्याच रविवारी ती आन्सेल्मला घेऊन आली. तो चाकांच्या आधारकाठीवर रेलून एकेक पाऊल टाकत होता. निम्मा झाला होता. त्याने भिंतीवरून हात फिरवला, नवी खिडकी उघडून पाहिली, "कौलं चांगली बसवलीत" म्हणाला. मग कोठीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथे माझा स्वच्छ पुसलेला घुमट होता. दिदियेने त्यावर छोटा दिवा लावला होता.

"माझी खोली कुठली मग?" आन्सेल्मने विचारलं.

"वरची, बाबा," दिदिये घाईने म्हणाला. "मोठ्या खिडकीची. तळं दिसतं तिथून."

आन्सेल्मने जिन्याकडे पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांना आवडेल."

त्याने माझा पाव खाल्ला, लोणी लावून. कोंबड्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "चला, तिकडे जेवण लवकर असतं. उशीर झाला की सूप गार देतात."

त्या आठवड्यात गिस्लेनने रेमीला बोलावलं. फुली तिने स्वतः मारली, आणि वडिलांना सांगायला पुन्हा घरी आणलं. मी या वेळी जगण्याची इच्छा केली नाही. फोडा, लवकर फोडा, एवढंच मनात होतं.

"पाडतेय मी ही, बाबा. महिनाभरात खोली होईल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा..."

"मला?" आन्सेल्म चकित झाला. "अगं, या विटांचं मला कसलं वाईट? विचारलं असतंस तर पहिला घाव मीच घातला असता. मला इथे झोपायचं होतं, पोरी."

गिस्लेन खाली बसली.

आन्सेल्मने आधारकाठीवरचा एक हात सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "आता राहू दे. तिकडची सवय झालीय मला. पत्ते खेळायला एक जण मिळालाय, लबाड आहे, पण मिळालाय. हाडंही आता हलवाहलव सोसायची नाहीत. आणि आता ही पाडलीस तर तुला दोन गोष्टींचं वाईट वाटत राहील. एकच पुरे."

ती फुली त्यानेच ओल्या फडक्याने पुसली. खडू सगळीकडे पसरला.

नंतरही तो काही रविवारी आला. थंडी वाढली, तसा येईनासा झाला. पुढच्या वसंतात, चेरीला बहर आलेला असताना, वृद्धाश्रमातच झोपेत गेला. दफनानंतर सगळी वस्ती या घरी जमली. गिस्लेनने पहाटेच मला पेटवलं होतं. माझे पाव त्या दिवशी फार सुरेख भाजले गेले. लोकांनी ते पुन्हा पुन्हा मागून घेतले आणि म्हणाले, "नशीब, भट्टी पाडली नाहीत." लेओनीकाकूंनी मात्र पावाला हात लावला नाही. गिस्लेननेही नाही.

आता उन्हाळ्यात इथे पाहुणे येतात. माझ्या घुमटाजवळ उभे राहून आवाज खाली आणतात, देवळात आणतात तसा. मला तेव्हा भिंतीत शिरावंसं वाटतं. जिथे ते उभे असतात, तिथे एका म्हाताऱ्याची उशी यायची होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी तुमच्याकडे एकच मागणं मागतात, आम्हाला जपा. मीही मागितलं असतं. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कधी हातोडा उचलायची वेळ आली, तर ज्याच्यासाठी घर नीट करता आहात, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा, तुला काय हवं आहे? त्याच्या मनातलं आपल्याला ठाऊक आहे, असं धरून चालू नका. आणि त्याने सांगितलं की माझ्यासारखी एखादी भट्टी मध्ये येते आहे, तर हात आखडू नका. आम्ही दगडविटा आहोत. आम्हाला पडायला जमतं.