जागच्या जागी

[सूचना. संदर्भ दालनाच्या दारावर, पितळी चौकटीत, कायमची]
वाचून झालेले पुस्तक जिथून काढले तिथेच, आपल्या हाताने ठेवावे. — ग्रंथपाल

संदर्भ सेवा

मॅडमना सगळं कॉलेज 'जागच्याजागी' म्हणायचं. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती? पण जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची, "आली रे जागच्याजागी!" आणि टेबलावरचे जाडजूड खंड भराभर कपाटात जायचे. मॅडमना हे नाव ठाऊक होतं. वरवर त्या कपाळाला आठ्या घालायच्या. आतून मात्र बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

इतर ग्रंथालयांत उलटी रीत असते. वाचकानं पुस्तक टेबलावर सोडून जायचं, नोकरानं ते उचलून लावायचं, कारण वाचकाच्या हाताचा भरवसा नाही. मॅडमना ही रीत अपमानाची वाटायची. नवी पोरं आली की त्या त्यांना वरच्या मजल्यावर संदर्भ दालनात न्यायच्या आणि कपाटासमोर उभं करून शिकवायच्या. पुस्तक काढताना त्याच्या डावीकडचं पुस्तक बोटभर पुढे ओढून ठेवायचं. म्हणजे परत ठेवताना जागा चुकत नाही. आपलं पुस्तक आत गेलं की शेजारच्यालाही आत ढकलायचं. "तुम्ही येऊन गेलात हे कपाटाला कळता कामा नये," असं त्या म्हणायच्या.

पोरं हसायची आणि शिकायची. दालनात कोश होते, नकाशांचे मोठे संग्रह होते, कुठल्या कुठल्या बंद पडलेल्या मासिकांचे बांधलेले अंक होते. फाटलेली पानं मॅडमनी स्वतः पातळ कागद आणि खळ लावून जोडली होती. इथलं पुस्तक घरी नेता येत नसे, तिथेच बसून वाचायचं. आणि पोरं बसायची. खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडायची. घंटा झाली की सगळी एकदम उठायची, कपाटापाशी पुस्तकं आत सरकल्याची एक लांबलचक खसखस व्हायची, आणि काही क्षणांत टेबलं अशी दिसायची की जणू इथे कधी कुणी बसलंच नव्हतं.

हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. कुणालाही न दिसणारं.

घरची देवघेव

प्राचार्य म्हणजे मॅडमचे धाकटे दीर. कॉलेजात ते 'सर' आणि त्या 'मॅडम'. घरी त्या 'वहिनी' आणि ते 'भाऊजी'. नियम मॅडमनीच घातला होता आणि दोघांनी तो निगुतीनं पाळला होता. दीर राहायचे त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. दर रविवारी ते खाली जेवायला यायचे.

"वहिनी, ते वरचं दालन..."

"दालनाचं काय?"

"आधी तिला जेवू दे रे," मॅडमचा नवरा म्हणाला. "दालनाचं नाव निघालं की हिचा घास हातातच राहतो. मी आजारी होतो तेव्हा दोन्ही वेळा पोटभर जेवत होती."

"तुम्ही गप्प बसा हो. काय म्हणत होतात, भाऊजी?"

"कॉलेजच्या व्यवस्थापन समितीला तिथे बैठकीची खोली हवी आहे. काचेची भिंत वगैरे. त्यांचं म्हणणं, पुस्तकांच्या देवघेवीच्या संगणकावर त्या दालनातलं एकही पुस्तक दिसत नाही. म्हणजे कुणी वाचत नाही."

"दिसेल कसं? बाहेर न्यायची परवानगीच नाही! बसून वाचतात पोरं. विद्यार्थी असताना तुम्ही नाही वाचलंत? खिडकीच्या जागेसाठी कुणाचा शर्ट फाडला होतात?"

"मी वाचलंय. समितीनं नाही वाचलेलं."

"मग येऊ दे समितीला वर. बसायला जागा मिळाली तर बसतील."

"पोरं पंख्याखाली बसायला येतात म्हणतात ते. आपापल्या वह्या घेऊन. माणसं मोजून उपयोग नाही, पुस्तकं मोजावी लागतील. आठवडाभर. मी स्वतः मोजतो."

"मोजा की! खुशाल मोजा." मॅडमचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कुणी मोजायला येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. "फक्त एक करा. पोरं वाचत असताना मध्ये मध्ये फिरू नका, त्यांची तंद्री मोडते. घंटा झाल्यावर या, आणि टेबलावर काय काय आहे ते मोजा. सगळीकडे तसंच मोजतात."

"नक्की? एकदा समितीला कळवलं की बदलता यायचं नाही."

"अहो, नक्की म्हणजे काय!"

नवऱ्यानं मान हलवली. "माझी सवत आहे ती खोली," तो भावाला म्हणाला, "आणि आज तू तिला बघायला पाहुणे आणतोयस."

घंटा

खसखस. टेबलं रिकामी. सर दारात उभे. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली, मग मॅडमकडे पाहिलं.

पोरांना हे मॅडमनीच शिकवलं होतं. आत्ता कळलं. आत्ता!

"उद्या पाहू, मॅडम," सर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

[सूचना. त्याच दारावर, पितळी चौकटीच्या खाली, कोऱ्या कागदावर, हातानं लिहिलेली]
या आठवड्यात वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत. कपाटात ठेवू नयेत. — ग्रंथपाल

सूचनेखाली, दुसऱ्या दिवशी

"परीक्षा आहे ही."

"कसली?"

"कोण फसतंय ते मॅडम बघणार. त्या उंच पोरानं नकाशा टेबलावर सोडला तर महिनाभर वर पाय ठेवू दिला नव्हता त्याला."

"पण सही त्यांचीच आहे की."

"म्हणूनच तर!"

"मला तर बाबा भीती वाटते. मी ठेवून टाकणार."

"मी पण. आणि तुझंही ठेवीन, तू विसरशील."

घंटा

"ठेवा तिथेच!" मॅडम म्हणाल्या. दालनात त्यांचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. पोरं दचकली, आणि दचकल्यामुळे दुप्पट वेगानं पुस्तकं आत ढकलू लागली. "अरे, राहू द्या म्हणते ना! टेबलावर! टेबलावर ठेवा!"

चष्मेवाली जवळ आली. ही संध्याकाळच्या वर्गाची मुलगी. दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहायची, आणि मग इथे येऊन बंद पडलेल्या एका विज्ञान मासिकाचे अंक पहिल्यापासून ओळीनं वाचत बसायची.

"मॅडम, आमचं काही चुकलं का?"

"नाही गं बाई."

"मग रागावू नका ना. बघा, सगळं जागच्या जागी आहे."

सर दारात येऊन उभे होते. पोरं पांगल्यावर मॅडम त्यांच्यापाशी गेल्या.

"तुम्ही बघितलंत ना, सर? आत्ता सगळी वाचत होती. तुमच्या डोळ्यांदेखत ठेवली."

"बघितलं मी."

"मग तसं सांगा त्यांना."

"काय सांगू, मॅडम? आमच्याकडे इतकं वाचतात, इतकं वाचतात की काहीच दिसत नाही?" ते चेष्टा करत नव्हते. खरोखर विचारत होते. "मी सख्खा दीर. माझ्या तोंडी शब्दावर ते हसतील. मोजायची रीत तुम्हीच ठरवलीत."

जतन

शेवटच्या दिवशी मॅडमनी घंटेआधीच दालन बंद केलं. पोरं कुरकुरत खाली गेली. दार लोटून मॅडम कपाटाकडे वळल्या.

खोटं असं त्यांनी काय केलं? ज्या पुस्तकांवर खरोखर हात पडतात तीच काढली. मोठा कोश, त्याचे मधले खंड. नद्यांचे नकाशे. चष्मेवालीच्या मासिकाचे अंक. प्रत्येक टेबलावर थोडी थोडी. एक उघडं, पालथं घालून ठेवावं असं मनात आलं, पोरं बाहेर असंच करतात. पण पाठ मोडेल म्हणून हात धजावला नाही. मिटलेलीच ठेवली. बरं दिसतं की नाही म्हणून लांब जाऊन पाहिलं. मग एक जरा सरळ केलं.

घंटा झाली. सर आले.

ते टेबलांमधून सावकाश चालत गेले. सगळी पुस्तकं टेबलाच्या कडेला समांतर होती. सगळ्यांच्या पाठी एकाच बाजूला होत्या. डावीकडून उजवीकडे क्रमांकही ओळीनं लागले होते. वाचणाऱ्या माणसानं सोडून दिलेला पसारा असा नसतो. पसारा घालायचा कसा हे मॅडमना येतच नव्हतं.

मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं. जिथून जिथून पुस्तक निघालं होतं तिथे डावीकडचं पुस्तक बोटभर पुढे ओढलेलं होतं.

सरांनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि त्याला हलकेच आत ढकललं. त्यांनाही हे याच खोलीत शिकवलं गेलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले.

कॉलेजात. पहिल्यांदाच.

"वहिनी, चला घरी."

'मॅडम, हे काय आहे?' असं विचारलं असतं तर उत्तर होतं. मॅडमनी ते मनात घोकून ठेवलं होतं, जरा तिखटही होतं. पण 'वहिनी' या हाकेला काय उत्तर देणार? आपली कीव करणाऱ्याशी भांडता येतं का? दोघांनी मिळून पुस्तकं परत लावली. दिरांचा हात अजून चुकत नव्हता.

समितीला सरांनी सांगितलं की आठवडाभरात पोरांनी टेबलावर एकही पुस्तक सोडलं नाही. शब्द न् शब्द खरा होता. ती एक संध्याकाळ त्यांनी झाकून टाकली, वहिनीच्या अब्रूसाठी. दालन मात्र झाकता आलं नाही, ते समितीकडे गेलं.

त्या रविवारी जेवताना ते चुकून म्हणाले, "मॅडम, जरा पाणी देता?" मॅडमचा नवरा खदखदून हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन त्यानं स्वतःच उठून पाणी दिलं.

निर्लेखन

(म्हणजे पुस्तकं काढून टाकणं. या शब्दाला ग्रंथालयात कुणी रडत नाही, कारण तो ऐकून काही कळतच नाही.)

गठ्ठे बांधायला माणसं आली. कपाटातून काढायचं, टेबलावर रचायचं, सुतळीनं आवळायचं, खाली न्यायचं. सकाळभर त्यांनी टेबलं भरली आणि जेवायला गेली. परत आली तर टेबलं रिकामी! पुस्तकं कपाटात, ओळीनं.

पुन्हा काढली. चहाला गेली. पुन्हा तेच.

"मॅडम," सरांनी आपल्या खोलीतून फोन केला, "तुमच्या पोरांना आवरा. ती माणसं वैतागलीत. इथे भूत आहे म्हणतात."

मॅडम जिना चढून गेल्या. चपलांचा आवाज ऐकून आत लगबग झाली. दारातून त्यांनी पाहिलं. औषधाच्या दुकानाला दांडी मारून आलेली चष्मेवाली एका गठ्ठ्याची गाठ दातांनी सोडवत होती. आणखी चार-सहा जण हातोहात खंड पुढे देत होते. ते कशाला आले, कुणी सांगितलं, काही नाही. टेबलावर पुस्तकं दिसली, एवढं पुरे होतं.

"मॅडम, बघा ना कुणी पसारा घातलाय!" चष्मेवाली धापा टाकत म्हणाली. तोंडात सुतळीचा धागा होता. चेहरा असा खुलला होता, जणू बक्षीसच घ्यायला उभी आहे. "घाबरू नका, आम्ही लावून टाकतो. एकही इकडचं तिकडे नाही."

मॅडम कपाटाच्या कडेनं चालत गेल्या. एकही इकडचं तिकडे नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की एक तरी चुकलेलं असतं तर बरं झालं असतं. रागावता आलं असतं. रागावता रागावता बाकीचं बोलता आलं असतं.

त्यांनी दालनातल्या आपल्या टेबलाचा खण उघडला. दारावरून काढून ठेवलेला तो हातानं लिहिलेला कागद अजून तिथेच होता. 'या आठवड्यात' एवढे शब्द त्यांनी खोडले, आणि कागद पितळी चौकटीवरच चिकटवला.

[सूचना. दारावर]
वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत. कपाटात ठेवू नयेत. — ग्रंथपाल

पोरांनी वाचलं. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. ही परीक्षा आहे असं या वेळी कुणालाच वाटलं नाही.

"सगळीच?" चष्मेवालीनं विचारलं.

"सगळी."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. खसखस झाली, फक्त उलट्या दिशेनं. कपाटातून टेबलावर. चष्मेवालीनं मासिकाचा आपला अंक काढला, अर्ध्यावर वाचायचा राहिलेला, आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवला. मग मागे वळून, सवयीनं, डावीकडचा अंक बोटभर पुढे ओढून ठेवला. परत ठेवताना जागा चुकू नये म्हणून.

गठ्ठेवाला तोवर वर आला होता. पुढे आलेला तो अंक त्यानं एका हातानं सहज उपसला.

"हे बरं केलंत, ताई," तो म्हणाला. "असं ओढून ठेवलं की धरायला सोपं जातं. सगळीकडे तसंच करा ना."