तिच्या कानांची साक्ष

"पोरा, दार उघड. मी भांडायला आलेलो नाही."

त्या आवाजाला आता सात वर्षं झाली. दमेकरी, खरखरीत आवाज, शेवटचा शब्द छातीतच अडकणारा. भर दुपारी दाराबाहेरून आला आणि शिवणाला बसलेल्या तिने कात्री अलगद खाली ठेवली. पलंगावर तिचा नवरा उठून बसला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून साऱ्या गल्लीचा तो पेंटर, तिचाही पेंटरच. त्याने नेहमीसारखं विचारलं, "साक्षीदार, ऐकलंस का?"

हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा करार. त्याच्या डोक्यात माणसं बोलत, कधी कुजबुजत, कधी शिव्या घालत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, तेव्हा तो म्हणाला होता, "भारीच नाव आहे, लहान पाटीवर मावायचं नाही." मग तिच्याकडे वळून, "माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. तुझे दे. मी विचारीन, तू खरं सांगायचं."

आणि ती खरं सांगत आली. नळ गळतोय? हो. जिन्यात कोणी हसतंय? नाही. माझं नाव घेऊन कोणी रडतंय? नाही रे राजा, कोणी नाही. तिच्या हो-नाहीच्या दगडांवर पाय टाकत तो एकेक दिवस पार करायचा.

त्या दुपारीही ती म्हणाली, "नाही."

आवाज तिच्या सासऱ्यांचा होता. महिन्याभरापूर्वीच त्यांनी तिला ऐकवलं होतं, "याला मी कुठेतरी कायमचा ठेवतो, सूनबाई. तू मोकळी हो." तिला मोकळं व्हायचं नव्हतं. बाहेरून पुन्हा हाक आली. पेंटर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती सुईत दोरा ओवत राहिली. हळूहळू तो आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून.

पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरांना सांगितलं, आता बाबांचाही आवाज येतो, अगदी खऱ्यासारखा. गोळ्या वाढल्या. वर्षभरात सासरे गेले, बापलेकांची भेट काही झाली नाही. डोक्यातली माणसं हळूहळू निवली, पण त्या गोळ्यांनी पेंटरचे हात थरथरू लागले.

पूर्वी खडू फासलेल्या दोरीचं एक टोक ती धरायची, एक तो. मधोमध चिमटीत उचलून सोडली की फळीवर टकदिशी सरळ रेघ. त्या रेघेवर त्याचा ब्रश असा चालायचा, जणू अक्षरं आधीपासूनच तिथे होती आणि तो नुसती धूळ पुसतोय. आता त्याच अक्षरांच्या कडांना हुडहुडी भरलेली. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "पेंटर, माझी पाटी बघून गिऱ्हाईक विचारतं, वस्तराही हाच माणूस धरतो का?" पेंटर सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन जेवला नाही.

आज सकाळी डॉक्टरांनी कागद चाळले. "बरीच वर्षं चांगली गेली. गोळी जराशी कमी करून बघू. लक्ष ठेवू. हात थोडे सावरतील."

तिचा जीव भांड्यात पडतोय तोच पेंटरने मान हलवली. "नको, डॉक्टरसाहेब. त्या दिवशी मी शपथेवर सांगितलं असतं, दारात बाबाच आहेत म्हणून. नव्हते. इतका खरा आवाज खोटा निघतो, तर माझं काही खरं नाही. हात गेले तर गेले. हिचे कान आहेत, तेवढे पुरेत मला."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

ती फरशीकडे बघत राहिली. बोलावं, तर त्याचे हात कदाचित परत येतील. पण ज्या दगडावर तो उभा होता, तोच त्याच्या पायाखालून निसटेल. पुन्हा कधी त्याने विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली, तर तो काय मानणार?

"बघू," ती म्हणाली.

घरी आल्याआल्या पेंटरने ब्रश काढले. एकेक चिंधीने पुसला, जाडीप्रमाणे लावला, कागदात गुंडाळला.

"कुठे निघालास?"

"बाजारातला तो नवा पाटीवाला आहे ना, त्याला देतो. पडून केस कडक होतील. दोरी तुला ठेवलीय, कपडे वाळत घाल." हे तो हसत म्हणाला, आणि तेच तिला सोसवलं नाही.

तिने पुडकं त्याच्या हातून घेतलं. "बस जरा."

"चहा करतेस?"

"नाही. बस."

तो रंगाच्या डब्यावर बसला. ती समोर जमिनीवर, त्याच्या गुडघ्यांशी.

"त्या दिवशी तुझे कान खरे होते," ती म्हणाली. "खोटी मी होते. बाबाच आले होते. दोन्ही हाका ऐकल्या मी."

त्याने तिच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. मांडीवर हात थरथरत होते, रोजच्यासारखेच. तिला वाटलं, इथे थांबलं तरी चालेल, एवढं पुरे. पण आता थांबणं म्हणजे पुन्हा तेच.

"तुला झोप लागल्यावर मी दार उघडलं. ते पायरीवरच बसले होते. म्हणाले, त्याला नेत नाही, सूनबाई, नुसता बघून जातो. मी म्हटलं, त्याला तुमचं तोंड बघायचं नाही."