टेडोबा निजले हायत

मी टेडी बोलतोय. टेडी म्हणजे अस्वल, असं कंपनीच्या कागदात लिहिलंय. मी अस्वल नाही. मग मी कोण, ते मला अजून धड कळलेलं नाही, आणि ज्यांनी मला शिवलं त्यांना तर त्याची फिकीरच नव्हती.

माझा जन्म माकणीचा. तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तिथं धरणाच्या वाटेला बलभीमरावांचं घर आहे. त्या घरची सून निकिता. डी.एड. झालेली, पण शाळेत जागा काही मिळाली नाही. दोन वर्षं भाकरी थापून झाल्यावर तिला मोबाइलवर जाहिरात दिसली: घरबसल्या परदेशातल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवा. कंपनी कुठली, मालक कोण, देवाला ठाऊक. मुलं मात्र व्हिएतनामची, पाच-सहा वर्षांची. कंपनीचा कागद आला. त्यात होतं की शिक्षकाजवळ हातात घालायचा एक बाहुला हवा, शक्यतो अस्वल, डोळे मोठे आणि प्रेमळ.

निकिताला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटतो. तिनं सासूला गळ घातली. तिच्या सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, वाकळी शिवण्यात सगळ्या गावात एक नंबर. पण अस्वल त्यांनी लहानपणी एकदाच बघितलेलं, दरवेशाबरोबर, आणि तेही आईच्या पदराआडून. जेवढं आठवलं तेवढं त्यांनी शिवलं. जे आठवलं नाही ते गोठ्यात जाऊन बघून आल्या. म्हणून माझं अंग जुन्या काळ्या इरकल लुगड्याचं, कान शेळीचे आणि वर दोन शिंगं. डोळ्यांना बटणं सापडेनात. धुरपदाबाई तुळजापूरच्या आईच्या आराधी. त्यांच्या गळ्यातली कवड्यांची जुनी माळ तुटली होती, त्यातल्या दोन कवड्या काढून त्यांनी मला बसवल्या.

कवडीचा डोळा म्हणजे नुसती फट. त्यामुळं माझी नजर कायम अशी, की समोरच्याचं एक अक्षरही मला पटलेलं नाही.

निकितानं मला उलटंपालटं करून बघितलं. "आत्या, हे काय आहे?"

"अस्वल."

"ह्याला शिंगं आहेत."

"मग? तिकडच्या लेकरास्नी काय म्हाईत, आपल्याकडची अस्वलं कशी असत्यात?"

निकितानं माझी शिंगं दाबून बघितली. ती परत उभी राहिली.

आता एक गोष्ट सांगतो, ती सगळ्यांना माहीत नाही. निकिताला इंग्रजी उत्तम येतं. लिहिते बिनचूक, वाचते फडाफडा. पण माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायचं म्हटलं की तिचा गळा बंद. कॉलेजात पहिल्याच पाठाला सगळा वर्ग तिला हसला होता. तेव्हापासून इंग्रजी आत आणि निकिता बाहेर, मध्ये कुलूप.

कंपनीची मुलाखत आली त्या दिवशी ती मोबाइलच्या पडद्यासमोर बसली आणि तिचं तोंड उघडेना. घाबरून तिनं मला हातात चढवलं. आणि मी बोललो. बारीक, चिरक्या आवाजात, पण बोललो. समोरच्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं का आवडतात? मी सांगितलं. विचारलं, तुमची बलस्थानं कोणती? तीही मीच सांगितली, आणि निकिता बाजूला ओठ मिटून मान हलवत बसली. समोरचे खूश झाले. म्हणाले, काय कल्पकता आहे! अशी तिला नोकरी लागली. खरं म्हणजे मला लागली.

सहा महिने कच्ची नोकरी. मग कंपनीची एक मॅडम पडद्यावर येऊन वर्ग बघणार आणि पक्की करायची का नाही ते ठरवणार. इकडं घरातही मुदत होतीच. शिकवणीसाठी बलभीमरावांनी सोयाबीनची खोली दिली होती. पोती भिंतीला रचली, मध्ये खुर्ची टाकली. पोत्यांमुळं आवाज घुमत नाही, हा फायदाच झाला. पण बलभीमराव स्पष्ट म्हणाले होते, "दसऱ्यानंतर नवं सोयाबीन यील. नोकरी पक्की झाली तर खोली तुजी. न्हायतर पोत्यांची."

रोज दुपारी साडेतीनला वर्ग. तिकडं तेव्हा पाच वाजतात. सहा पोरं पडद्यावर येतात आणि ओरडतात, "टीचर टेडी!" निकिताला कुणी हाक मारत नाही. तिला ती माझी मदतनीस समजतात. मी कोण ह्यावर त्यांच्यात दोन तट पडले. तिकडंही म्हशी आहेत म्हणे, त्यामुळं चौघं मला म्हैस म्हणायची. लिन्ह नावाची मुलगी मला शेळी म्हणायची. आणि बाओ नावाचा एक गुबगुबीत पोरगा, तो रोज विचार करून नवीन जनावर सांगायचा. एकदा त्यानं मला रताळं ठरवलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही, म्हणजे निकितानं मला त्याच्याकडं वळवलं नाही.

घरात माझा मान वाढत चालला. परदेशातली लेकरं ज्याला गुरू म्हणतात तो काही साधा नसणार, असं धुरपदाबाईंनी ठरवलं. त्या मला टेडोबा म्हणायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी देवघराशेजारच्या कोनाड्यात बसायचो. गुळाचा खडाही यायचा. खायचा कुणी ते माहीत नाही, पण संध्याकाळी तो नसायचा. मला वाटतं बलभीमराव.

असे दिवस छान चालले होते. मग भाद्रपद आला.

तुळजापूरची आई नवरात्राच्या आधी झोपते. वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात, ती घट बसायच्या दिवशी उठते. आमच्या घरीही तेवढे दिवस कुणी गादी-उशी घेत नाही. आई पलंगावर, लेकरं भुईवर, अशी रीत. त्या अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी निकिता मला शोधायला लागली. दुसऱ्या दिवशी मॅडम वर्ग बघायला येणार होत्या. मी कोनाड्यात नव्हतो, पोत्यांवर नव्हतो. मी देवघरात होतो. सुपात. खाली मऊ वाकळ, वर खणाचं पांघरूण.

"आत्या, टेडीला इथं कशाला ठेवलं?"

"हळू बोल. निजलेत त्ये."

"कोण?"

"टेडोबा. डोळ्याला आईच्या कवड्या हायत न्हवं? आई निजली आन् तिच्याच कवड्या टकाटका बघाया लागल्या, ही कुठली रीत?"

निकिता सुपाशेजारी बसली. "आत्या, उद्या माझी परीक्षा आहे. हा नसला तर मला बोलताच येत नाही. नोकरी जाईल माझी."

हे तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. धुरपदाबाईंचा चेहरा उतरला. पण रीत ती रीत. त्या नुसत्या पदराचा काठ चिमटीत धरून बसल्या.

"मग डोळे काढून ठेवा," निकिता रडवेली होऊन म्हणाली. "उद्यापुरते."

धुरपदाबाई म्हणाल्या, "निजलेल्याचं डोळं काढतीस व्हय गं?"

बलभीमराव उंबऱ्यात येऊन उभे होते. ते म्हणाले, "डोळ्यावर फडकं बांधा की."

"आंधळी कोशिंबीर खेळायची हाय का?"

"मग म्या बसतो त्येच्या जागी. पोरीनं माज्या मानंला धरून हलवावं."

कुणी हसलं नाही, कारण ते खरंच बसायला तयार होते. निकितानं त्यांच्याकडं विचार केल्यासारखं बघितलंही. शेवटी धुरपदाबाईंनी तोड काढली. टेडोबांना दाखवायला हरकत नाही. पण उठवायचं नाही, बोलवायचं नाही, आणि राखण करायला त्या स्वतः खोलीत बसणार.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी सुपासकट पडद्यासमोर खुर्चीत गेलो, आणि निकिता भुईवर बसली. कवडीला पापणी नसते, त्यामुळं झोपलो तरी मला सगळं दिसत होतं. हे धुरपदाबाईंना सांगू नका. त्या पोत्यांना टेकून हातपंख्यानं मला वारा घालत होत्या. पडद्यावर सहा पोरं आली, आणि सातवा एक काळा चौकोन. त्या चौकोनात मॅडम.

"टीचर टेडी! टीचर टेडी!"

निकितानं तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पोरं जास्तच ओरडायला लागली. तिचा हात सारखा सुपाकडं यायचा आणि मागं जायचा. मला आतून इतकं भरून आलं की काय सांगू. उठावं, बोलावं, पण माझ्यात हात नाही तर मी म्हणजे लुगड्याचा तुकडा.

एवढ्यात धुरपदाबाई मागून पुढं आल्या, पडद्यात तोंड घातलं आणि ओठावर बोट ठेवलं. "श्श! टेडोबा निजले हायत."

सहाच्या सहा पोरं गप्प. हे त्यांना कोणत्या भाषेत कळलं, ते मला विचारू नका.

त्या शांततेत निकिता कुजबुजली, "टेडी इज स्लीपिंग."

कुजबुजायला गळा लागत नाही. त्यामुळं कुलूप लागलेलंच राहिलं आणि शब्द फटीतून बाहेर आले. पोरं कुजबुजली, "टेडी इज स्लीपिंग." मग निकितानं हळूच विचारलं, टेडी कुठं झोपलाय? टेडीच्या अंगावर काय आहे? कुठल्या रंगाचं? पोरं कुजबुजत उत्तरं देत होती. लिन्हनं विचारलं, ह्या आजी खाली का बसल्यात? निकितानं सांगितलं, टेडी वर झोपलाय म्हणून आम्ही खाली. झालं. सहाही पोरं खुर्च्या सोडून भुईवर बसली, दोन तर आडवीच झाली. पडद्यावर नुसती छतं दिसत होती, आणि छतांमधून बारीक बारीक इंग्रजी येत होतं. मध्येच काळा चौकोन उजळला. चष्मा लावलेल्या एक मॅडम दिसल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. त्यांनीही कुजबुजूनच विचारलं.

वीस मिनिटं असं चाललं. बाओला ते झेपेना. त्यानं मोठ्यांदा घोरून दाखवलं, सगळी खिदळली, आणि निकिता कडाडली, "बाओ! सिट अप! आता तू सांग, टेडी कधी उठणार?" सगळं इंग्रजीत, खणखणीत, पोत्यांच्या वरून पार गोठ्यापर्यंत. बाओ ताठ बसला. निकिताच दचकली. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला, त्याच आवाजात. आणि त्याच्या पुढचा.

"आगं हळू," धुरपदाबाई म्हणाल्या, "उठतील की."

मी उठणारच होतो. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला इतका आनंद झाला होता.

चार दिवसांनी मॅडमचा कागद आला. नोकरी पक्की. बाहुल्याचा वापर किती केला, ह्या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं: बाहुला झोपला होता, उठवणं बरं वाटलं नाही. बलभीमरावांनी नवीन पोत्यांसाठी अंगणात पत्र्याचा आडोसा केला.

घट बसले त्या दिवशी धुरपदाबाईंनी मला उठवलं, पाणी शिंपडलं, कुंकू लावलं. दुपारी मी वर्गात गेलो. पोरं म्हणाली, "हॅलो टेडी." अगदी पाहुण्याला म्हणावं तसं. आणि लगेच, "टीचर निकिता, टीचर निकिता!" ती तिच्याच तोंडानं बोलत होती. तिच्या हातात मी तोंड वासून लटकत होतो. आठवड्यानं तिनं मला अलगद कोनाड्यात ठेवलं. मला वाईट वाटलं. लई वाटलं. सहा महिने ज्यानं नोकरी केली त्याला निरोपाचा नारळसुद्धा नाही.

पण कोनाड्यातही मला सुट्टी मिळाली नाही. रोज साडेतीनला खोलीचं दार लागतं. धुरपदाबाई इकडं-तिकडं बघतात, धूळ झटकायच्या निमित्तानं मला काढतात आणि दाराशेजारी भिंतीला टेकून बसतात. मग त्यांचा हात आत येतो. खरबरीत आहे, सुया टोचून टोचून घट्टे पडलेला. आतून पोरांचा आवाज येतो, त्याच्या मागोमाग मी बोलतो. धुरपदाबाईंचे ओठ गच्च मिटलेले असतात. रंग झाले, आकडे झाले, भाज्या झाल्या.

परवा आत धडा होता, तुम्हाला काय आवडतं? लिन्हनं सांगितलं, मला आंबा आवडतो. बाओनं सांगितलं, मला झोप आवडते. मग दाराबाहेर आमची पाळी आली. मी म्हणालो, "आय लाइक..." आणि पुढं गाडी हलेना. मला वाटलं शब्द अडला असेल. इंग्रजी नाही आलं तर मराठीत म्हणतील. धुरपदाबाईंनी मला तोंडासमोर धरलं आणि माझ्या कवड्यांत बघितलं.

"टेडोबा," त्या म्हणाल्या, "मला काय आवडतं रं?"

चार दिवस झाले, आमचं वाक्य तिथंच आहे. मला उत्तर येत नाही. माझ्यात हात त्यांचाच. म्हणून तुम्हाला सांगतो. माकणीला आलात तर निकिताला एवढा निरोप द्या, की दुपारी साडेतीनला दार लावत जाऊ नकोस. तुझी सातवी विद्यार्थिनी बाहेर बसलीय.