सगळीकडे दोन

भिंगरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली असती तर ती वळली असती की नाही, शंकाच आहे. वॉर्डात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण ही बाई खुर्चीत टेकलेली कुणाच्या बघण्यातच नव्हती. चहासुद्धा उभ्याने. दहा वर्षं नर्सचं काम केलं, आणि मग तीन वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी तिला आपल्या अभ्यासासाठी उचललं. अभ्यास असा होता: अस्थिमज्जा बदलायला आलेल्या पेशंटांपैकी निम्म्यांना रोज अर्धा तास एक माणूस भेटणार, बोलतं करणार, खोलीतल्या खोलीत चालवणार, तोंडाची निगा राखायला शिकवणार. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. आणि रोज सगळ्यांकडून वीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घ्यायचा. दुखतंय किती, गिळायला त्रास किती, थकवा किती, भीती किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. हे फॉर्म गोळा करत खोल्या-खोल्यांतून पळणं, हे भिंगरीचं काम.

त्या बुधवारी सकाळी ती उभ्या उभ्याच फॉर्म चाळत होती आणि चार नंबरच्या खोलीच्या फॉर्मवर तिचा हात थांबला. वीस प्रश्न होते आणि विसांपुढे दोन लिहिलं होतं. तिने कालचा काढला. त्यातही सगळीकडे दोन. परवाचाही तसाच. आठ दिवसांचे आठ फॉर्म, आणि वाटेत कुठे एखादा तीन नाही की एक नाही.

"अरेच्चा!" ती कपाटाला म्हणाली, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

चार नंबरमध्ये बसचे ड्रायव्हर होते. रक्ताचा कॅन्सर. त्यांची स्वतःची मज्जा औषधांनी पार मारून टाकली होती, आणि नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, मज्जा बाटलीतून त्यांच्या शिरेत सोडली होती. ती रुजेपर्यंत त्यांच्या अंगात जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. एखादा फालतू जंतू, जो तुम्हाआम्हाला शिंकसुद्धा आणणार नाही, तो अशा वेळी माणूस घेऊन जातो. म्हणून काचेची खोली, गाळलेली हवा आणि दर चार तासांनी थर्मामीटर.

भिंगरीने वॉर्डाची फाइल मागवली. त्यात नर्सने स्पष्ट लिहिलं होतं: तोंडभर फोड, दोन दिवस घन अन्न नाही, पाण्याचा घोटही कष्टाने. आणि फॉर्म काय म्हणतो? गिळायला त्रास, दोन. आता सांगा, तोंड सोलून निघालेल्या माणसाला गिळायला दोन त्रास होतो?

ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मोठे डॉक्टर खुशीत होते. पुढच्या आठवड्यात परिषदेत त्यांना हेच आकडे मांडायचे होते, आणि आकडे दृष्ट लागण्यासारखे आले होते.

"अगं, तो मदतीच्या गटातला आहे," ते म्हणाले. "उपयोग होतोय, म्हणून तर बरे आकडे येतायत."

"सर, बरे नाहीत, एकसारखे आहेत."

"तू फॉर्म वाचत बसू नकोस. गोळा कर. वाचायचं काम शेवटी कॉम्प्युटरचं."

भिंगरी बाहेर आली, पण तिच्या जिवाला चैन पडेना. कॉरिडॉरच्या या टोकाहून त्या टोकाला तिने चार फेऱ्या मारल्या. शिपाई म्हणाला, "ताई, फरशी झिजेल." एरवी तिने त्याला दोन शब्द सुनावले असते. आज ऐकूच आलं नाही, कारण तिला आता वेगळंच काहीतरी आठवलं होतं. ते अक्षर. फॉर्मवरचं गोल, नेटकं अक्षर ड्रायव्हरचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं होतं.

आणि तिला लिहायला कुणी सांगितलं? खुद्द भिंगरीने. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा हात थरथरत होता, पेन धरवेना, आणि हिला अजून सहा खोल्या करायच्या होत्या. "वहिनी, ते सांगतील तसं तुम्ही लिहा," म्हणून ही पुढे पळाली. नियम होता, पेशंटने स्वतः लिहायचं, नाहीतर अभ्यासातल्या माणसाने एकट्याला विचारून लिहायचं. नियम तिला तोंडपाठ होता. पण रोज रोज कोण थांबणार? आणि हे एका खोलीपुरतं नव्हतं. वर्षभर तिने हेच केलं होतं. घाई नडली होती, दुसरं काय!

तिची नेहमीची फेरी दहाची. त्या दिवशी ती पुन्हा पाऊण वाजता चार नंबरवर गेली. हात धुतले, गाऊन चढवला, मास्क बांधला आणि आतलं दार ढकललं. वहिनी खाली कँटीनमध्ये जेवायला गेल्या होत्या. ड्रायव्हर दोन ब्लँकेटांखाली मुटकुळं करून पडले होते आणि त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं. भिंगरीला बघताच त्यांनी ते मिटायला घेतलं, पण बोटं कापत होती, आणि एक पांढरी गोळी चादरीवर पडली.

"दादा, हे काय?"

ड्रायव्हरांनी चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं.

"दादा, मी विचारतेय."

"डोकं दुखतं," ते कसेबसे म्हणाले. तोंडातल्या फोडांमुळे प्रत्येक शब्द त्यांना उचलून बाहेर ठेवावा लागत होता.

भिंगरीने गोळी उचलून पाहिली. तापाची साधी गोळी. डोकं जड झालं की कुणीही घेतं, तसली. पण इथे ती विचारल्याशिवाय घ्यायला सक्त मनाई, कारण ती ताप झाकते, आणि या खोलीत ताप हीच एकमेव घंटा असते.

"किती दिवस?"

त्यांनी दोन बोटं वर केली. आणि मग, पकडलेच गेलो आहोत तर आता काय लपवायचं अशा चेहऱ्याने, सांगितलं. सहा, दहा, दोन, सहा, दहा, दोन. थर्मामीटरचं टाइमटेबल. वीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ते पाठ व्हायला एक दिवस पुरला होता. दर दुसऱ्या फेरीच्या तासभर आधी एक गोळी, की थर्मामीटर येईपर्यंत ताप उतरलेला. मधली फेरी त्याच गोळीवर निघायची. रस्त्यावर अंग तापलं की ते हेच करत. गोळी घ्यायची आणि गाडी शेवटच्या स्टॉपला लावूनच उतरायचं. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, आणि हा गडी गोळ्या गिळत होता!

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" भिंगरी ओरडली. पेशंटवर ती तेरा वर्षांत कधी ओरडली नव्हती. एका हाताने तिने बेल दाबली आणि दुसऱ्याने थर्मामीटर लावलं. एकशे दोन पॉइंट चार.

पुढचा पाऊण तास खोलीत नुसती धावपळ झाली. ड्युटीवरचे डॉक्टर आले, रक्त तपासायला गेलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. मधेच ड्रायव्हरांनी भिंगरीच्या गाऊनची बाही धरली.

"ताप आला म्हणजे अक्काची मज्जा लागली नाही ना? तुम्ही सगळं थांबवाल. मी अक्काला काय तोंड दाखवू?"

"कुणी सांगितलं तुम्हाला असलं?"

"मला वाटलं."

"वाटलं! अहो, ताप जंतूंचा असतो. मज्जेचा त्याच्याशी संबंध नाही. विचारायला काय झालं होतं?" असं ती म्हणाली खरी, पण विचारणार कुणाला? रोज अर्धा तास बोलायला येणाऱ्या माणसासमोर वहिनी बसलेल्या असत, आणि फॉर्म घेऊन जी रोज दारात येत होती, ती दोन मिनिटांच्या वर थांबतच नव्हती.

वहिनी जेवून वर आल्या आणि काचेतून आतली गर्दी बघून भिंतीला टेकल्या. भिंगरीने त्यांना ताप सांगितला, गोळ्या सांगितल्या. त्यांना गोळ्यांचं खरोखरच माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, "वहिनी, फॉर्मवर सगळीकडे दोन का?"

"ते शून्य सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "मी प्रश्न वाचायचे आणि ते सगळ्याला शून्य म्हणायचे. दुखतंय? शून्य. भीती? शून्य. मला काय दिसत नव्हतं, सिस्टर? माणूस पाणी पिताना उशी मुठीत धरतो आणि म्हणतो शून्य. म्हणून मी दोन लिहायचे."

"मग खरं ते का नाही लिहिलंत? आठ, नऊ?"

"लिहून झालं की ते कागद हातात घेऊन बघायचे. नऊ बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मला कळलंय." त्यांचा आवाज चढला. "आणि तुम्हीच म्हणालात ना, तुम्ही लिहा म्हणून? मला का मध्ये घातलंत? ते तुम्हाला सांगत होते का? मला सांगत होते! मला ते मेले तरी खरं सांगणार नाहीत!"

भिंगरी तिथून निघाली ती थेट कपाटापाशी, आणि वर्षभराचे फॉर्म काढून कुठले कुणाच्या हातचे ते मोजू लागली.

त्याच दुपारी तिने मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. सव्वीस पेशंट. सव्विसांचे फॉर्म नातेवाइकांच्या हातचे. मोठे डॉक्टर आधी लालबुंद झाले, "तीन वर्षं! तीन वर्षं पाण्यात घातलीस!" म्हणाले, टेबलावरचे कागद ढकलून दिले, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून चार नंबरकडे चालू लागले. परिषदेतलं भाषण रद्द झालं. सव्वीस जणांचे आकडे बाद झाले. भिंगरीची नोकरी राहिली, पण डॉक्टर तिच्याशी कामापुरतंही धड बोलेनात.

बोलणं गेलं चुलीत, तिचं सगळं लक्ष त्या तापावर होतं. गुरुवारी एकशे तीन. रक्तदाब घसरला, ऑक्सिजन लावावा लागला. रक्तात जंतू सापडला आणि औषध बदललं. शुक्रवारी पुन्हा एकशे तीन. भिंगरी घरी जाऊन परत येई, जिना चढे, उतरे, आणि प्रयोगशाळेतल्या बाईला दर तासाला फोन करी, इतक्यांदा की ती बाई म्हणाली, "पेशी मी घरून आणू का आता?" ही दोन दिवस आधी थांबली असती, एकट्याने विचारलं असतं, तर हे इथवर आलं नसतं. असं ती स्वतःला दिवसभर ऐकवत होती. शनिवारी दुपारी ताप शंभरवर आला. रविवारी उतरला. सोमवारी प्रयोगशाळेतल्या बाईनेच फोन केला: पांढऱ्या पेशी तीनशे. फार नाहीत, पण अक्काच्या आहेत आणि वाढतायत.

मंगळवारी भिंगरी फॉर्म घेऊन आत गेली आणि वहिनींना नियमाप्रमाणे बाहेर पाठवलं. वहिनी काचेबाहेर उभ्या राहिल्या. आणि भिंगरीने काय केलं असेल, तर खुर्ची ओढली आणि बसली.

"दुखतंय किती, दादा?"

"सहा."

"गिळायला?"

"सात. काल नऊ होतं."

ती एकेक विचारत गेली, ते एकेक सांगत गेले. मधे थांबले, पाण्याचा घोट घेतला, उशी मुठीत धरली, पुन्हा सांगू लागले. शेवटचा प्रश्न आला.

"भीती किती वाटते?"

ड्रायव्हरांनी काचेबाहेरच्या बायकोकडे बघितलं.

"तिला आत बोलवा," ते म्हणाले.

"दादा, त्यांच्यासमोर नाही चालत. मग हा फॉर्म धरता येणार नाही."

"नका धरू. बोलवा."

भिंगरीने हात केला. वहिनी हात धुऊन, मास्क बांधून आत आल्या आणि पलंगापाशी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं.

"दहा," ड्रायव्हर म्हणाले. भिंगरीला नव्हे, बायकोला. "अगं, पहिल्या दिवसापासून दहा."

वहिनी काही रडल्याबिडल्या नाहीत. त्या पेशंटच्या पलंगावर बसल्या, जिथे बसायची कुणालाच परवानगी नव्हती, आणि म्हणाल्या, "माझीपण दहाच आहे हो."

भिंगरीने दहा लिहिलं. खाली कारण लिहायच्या ओळीत लिहिलं, नातेवाईक हजर, फॉर्म बाद. आणि त्यांना पलंगावरून उठवायचं सोडून ती तशीच बसून राहिली.