पाठमोरे दाजी

माझे दाजी ओरेस्ते दर वर्षी मोंझाच्या मोटार शर्यतीला येतात आणि ट्रॅककडे पाठ करून बसतात. एकदा शेवटच्या फेरीत त्यांनी मान वर करून पाहिलं आणि आपल्या लाल गाडीचं इंजिन पेटलं. तेव्हापासून आपली नजर लागते, हे त्यांनीच ठरवून टाकलं. लाल गाडी मोंझात जिंकलेली बघायची मात्र त्यांना फार हौस.

यंदा शेवटच्या फेरीला लाल गाडी चालवणारा आपला रिगामोंती पुढे होता. टायर झिजलेले आणि मागे चंदेरी गाडी अगदी चिकटून.

"अहो, वळा आता. असं पुन्हा दिसायचं नाही," माझी बहीण एर्सिलिया म्हणाली.

"गप्प बस. हरला तर जन्मभर बोलशील."

"ते तसंही बोलतेच आहे."

शेवटच्या वळणावर चंदेरी गाडी आत घुसली. रिगामोंतीची गाडी घसरली, पण त्याने ती अशी सावरली की आमच्या ओळीत कुणाला श्वास घ्यायचं सुचेना. मग सगळीकडून एकच आरडाओरडा उठला. दाजींच्या मुठीत सँडविच चेंगरलं.

"जिंकला का रे?"

"जिंकला, दाजी. बघा की."

"गाडी थांबू दे आधी."

लोक कुंपण ओलांडून ट्रॅकवर धावले. रिगामोंती सावकाश एक फेरी मारून आमच्यासमोरच थांबला आणि हेल्मेट काढून गाडीवर उभा राहिला. तेव्हा कुठे दाजी वळले. डोळे पुसत बराच वेळ बघत राहिले.

"केवढासा आहे गं हा," ते एर्सिलियाला म्हणाले, "आणि एवढी गाडी आवरली."