तिरक्या काठ्यांचे जहाज

मित्रांनो, मी एक जुने जहाज आहे, पण पाण्याला मी कधी शिवलेले नाही. डेन्मार्कमधल्या एका छोट्या बेटावर, चर्चच्या छतातून उतरलेल्या साखळीला मला टांगले आहे. आमच्याकडे बहुतेक चर्चमध्ये असे एक जहाज असतेच. खाली लग्ने लागतात, बारशी होतात. वर बघायला कुणाला सवड असते?

टेरकेल नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. त्याचा थोरला मुलगा आस्मुस कप्तान होता. चिलीहून परतताना तो जहाजासकट बेपत्ता झाला. त्या हिवाळ्यात टेरकेलने ओकचे लाकूड तासून माझे अंग केले, डोलकाठ्या उभ्या केल्या, बारीक दोर ओढले. शेवटी शिडांच्या आडव्या काठ्या त्याने मुद्दाम तिरक्या बांधल्या. एका डोलकाठीवरच्या डावीकडे कललेल्या, दुसरीवरच्या उजवीकडे.

कप्तान वारला की बंदरात असेच करत. दफन होईपर्यंत काठ्या तिरक्या, माती दिली की सरळ.

वर्षभराने टेरकेलची बायको, मारेन तिचे नाव, त्याला म्हणाली, "अहो, आता तरी सरळ करा की."

"कशा करू? पोराला माती कुठं मिळालीय?"

मग त्याने मला तसेच चर्चला देऊन टाकले.

सुरुवातीला सगळ्यांना ते ठाऊक होते. मला पाहून खलाशी गप्प होत. पुढे टेरकेल गेला, मारेन गेली, शिडांची जहाजेही गेली. पोरे हसू लागली, "ते बघ, झिंगलेलं जहाज." त्यांना कुणी दटावले नाही. मला फार एकटे वाटे.

मग चर्चची देखभाल करायला प्रेबेन नावाचा नवा सेवक आला. माणूस मनाचा चांगला. ईस्टरच्या साफसफाईला त्याने मला खाली उतरवले आणि मऊ ब्रशने धूळ झाडली. "काय रे तुझी ही दशा," असे म्हणत त्याने एकेक काठी सरळ केली. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला वाचा कुठली?

रविवारी दोर्ते आली. आस्मुसची ही धाकटी बहीण आता नव्वदीला टेकली होती. वर बघणारी तेवढी तीच उरली होती. बाकावर बसून तिने मान वर केली आणि तिच्या हातातले भजनांचे पुस्तक खाली पडले.

"प्रेबेन, आमचा आस्मुस सापडला का रे?"

"कोण आस्मुस, आजी?"

"माझा भाऊ. काठ्या सरळ झाल्यात ना? मला न सांगताच माती दिलीत होय त्याला?"

मग तिनेच त्याला सगळे सांगितले. प्रेबेनचा चेहरा उतरला. "नाही हो, आजी. मीच केल्या. मला वाटलं, दोर सैल पडलेत."

दोर्तेने वाकून पडलेले पुस्तक उचलले. मग हळूच म्हणाली, "घडीभर मला खरंच वाटलं होतं."

त्याच दुपारी प्रेबेन शिडीवर चढला. दोर्ते खालून सांगत होती, "डावीकडं. अजून थोडं. हं, बाबांनी बांधलं होतं तस्सं."

आता दोर्तेही नाही. प्रेबेनलाही जाऊन बरीच वर्षे झाली. मित्रांनो, कुठे एखादी जुनी वस्तू वाकडी दिसली, तर तिला हात लावण्याआधी कुणाला तरी विचारा. मी अजून काठ्या तिरक्या धरून आहे. आस्मुसची वाट बघणारे माझ्यावाचून दुसरे कुणी उरलेले नाही.