बायकोची रोजची गाडी

रविवारी मेहुणा गाडी न्यायला येणार, हे मुलीने मला फोनवर सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

"मामा गाडी उचलून नेणारा ट्रक घेऊन येतोय, बाबा. चावी आणि कागद तेवढे काढून ठेवा."

"का?"

"का म्हणजे? आईनेच सांगितलं होतं, गाडी मामाला द्या म्हणून."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हाला कसं सांगेल?" ती म्हणाली, आणि मग घाईघाईने दुसरंच विचारायला लागली. गोळ्या घेता का, जेवता का, दुपारी झोपता का.

बायको जाऊन पाचवा महिना चालू होता. तोवर बरंच काही घरातून गेलं होतं. कपडे मुलीने वाटून टाकले. दवाखाना एका तरुण डॉक्टरने घेतला, खुर्चीसकट. मी जे न्यायचं ते न्या म्हटलं. पण गाडी मला द्यायची नव्हती. कुणालाच नाही, आणि मेहुण्याला तर मुळीच नाही.

गाडी म्हणजे आपली साधी गाडी नव्हे. दोनच माणसांची, बुटकी, इंजिन मागे आणि डिकी पुढे. शर्यतीत पळवायला केलेली वस्तू. बायको दातांची डॉक्टर. ती म्हणायची, "दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं, निदान बाहेर आल्यावर तरी काहीतरी बघण्यासारखं उभं असू दे." तिने ती जुनी घेतली होती. पहिल्या मालकाने कव्हर घालून ठेवलेली, जवळजवळ कोरीच. आणि घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हिने ती रोजच्या कामाला जुंपली. दवाखान्यात ती, भाजीला ती, कुणाच्या लग्नाला ती, कुणाला पोचवायलाही तीच. एकदा पुढच्या डिकीत सिमेंटची गोणी घालून आणली. लोक थांबून बघायचे. गल्लीत तिला सगळे विमान म्हणायचे. "विमान उतरलं का?" असं मला दुधवाला विचारायचा.

अशा गाडीबरोबर संसार करणं सोपं नसतं. बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखं बसायचं, आणि उठताना गुडघ्यांना देव आठवायचा. रस्त्यातला खडा न् खडा कमरेला कळतो. पेट्रोल पिते ते वेगळंच. गतिरोधक आला की सरळ जाता येत नाही, नाक घासतं. तिरकी घ्यावी लागते, आणि मागचा माणूस शिव्या घालतो. सासूबाई एकदाच बसल्या. उतरवायला दोघं लागले. पुन्हा बसल्या नाहीत. हा त्या गाडीचा एक गुणच म्हणायचा.

आमच्या फाटकाशी उतार आहे, मध्ये गटाराची कड. तिथे गाडीचं पोट टेकायचं. म्हणून मी दोन जाड फळ्या करून घेतल्या होत्या, एका टोकाला निमुळत्या केलेल्या. सकाळी मी फळ्या टाकायचो, ती गाडी काढायची, मी फळ्या उचलायचो. संध्याकाळी आवाज आला की पुन्हा टाकायचो. तो आवाज तिसऱ्या वळणापासून यायचा, त्यामुळे माझा कधी उशीर झाला नाही. कुणी म्हणेल यात काय मोठं. पण आमच्या लग्नातलं ठरलेलं काम म्हणून मला हेच आठवतं.

चालवायला मात्र मी बसत नसे. तिने शिकवली होती. पण मी चालवायला लागलो की ती शेजारी बसून पाय खाली रेटायची, जणू तिच्याकडेही ब्रेक आहे. दोनचार वेळा ते बघितलं आणि मीच म्हटलं, तू चालव, बाई.

ती गेल्यावर मी गाडीची आबाळ होऊ दिली नाही. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथे एक पंप कायम राखीव असतो. तो लागो न लागो, रोज थोडा वेळ फिरवून ठेवायचा, म्हणजे जाम होत नाही. हा माझ्या हाडात बसलेला नियम. तसंच मी गाडीचं केलं. रोज सकाळी चहा झाला की गॅरेजात जायचं, गाडी जागेवरच चालू करायची, थोडा वेळ घुमू द्यायची, बंद करायची. मग ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या. एक दिवस चुकवला नाही.

मुलीचा फोन आला त्याच आठवड्यात गाडीत समोर काट्यांच्या शेजारी पिवळा दिवा लागला. बायकोचा ठरलेला मिस्त्री होता, त्याला बोलावलं. मला वाटलं, गाडी ठणठणीत आहे असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं, म्हणजे रविवारी मेहुण्यापुढे बोलायला जागा राहील.

मिस्त्रीने ऑइल तपासलं, बोटाला लावून वास घेतला आणि ते बोट माझ्या नाकापुढे धरलं.

"काका, ही चालवता की नुसती घुमवता?"

"रोज चालू करतो. एकही दिवस खाडा नाही."

"तेच झालं ना. बघा, पेट्रोलचा वास येतोय ऑइलला. इंजिन धड तापायच्या आत तुम्ही बंद करणार, मग पेट्रोल खाली उतरणार नाही तर काय? आणि टायर बघा. एकाच जागी उभे राहून बसलेत. यापेक्षा हात लावला नसतात तरी चाललं असतं."

"पंप असाच ठेवतात."

"पंप ठेवत असतील. डॉक्टरबाई असत्या तर आज मला..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"तुला काय? चूक माझी आहे."

"तुम्हाला त्या कधी बोलल्यात का? तुमच्या वाटणीचं पण मीच ऐकायचो." तो ऑइल बदलायला गाडीखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "आता चालवा जरा, काका. लांब न्या. तापू द्या, आणि तापली की घाबरू नका, दाबा."

मी हो म्हटलं. पण रविवारपर्यंत नेली नाही. उद्या नेऊ, उद्या नेऊ, असं करत रविवार आला.

मेहुण्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. सात भावंडांत शेवटचा म्हणून. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी बारक्याच. ट्रक फाटकाला आडवा लावून तो आत आला. मुलगी त्याच्याबरोबरच आली. मी म्हटलं, बरं आहे, दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

"काय भाऊजी, वाळलात की हो," बारक्या म्हणाला.

"तू नाही वाळलास."

तो हसला. गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. "मस्त ठेवलीत. अशी चकचकीत तर ताईच्या हातीही नव्हती. मी जागा तयार केलीय बघा. खाली पांढऱ्या फरशा, वरून दिवे, आत ओल येऊ नये म्हणून मशीन. शेजारी ताईचा फोटो."

"चालवणार कधी?"

"चालवणार?" त्याने मुलीकडे बघितलं. "अहो भाऊजी, ही काय रोज चालवायची वस्तू आहे? ताईने वापरली ती वापरली, तिच्यापुढे कोण बोलणार. आता आठवण म्हणून जपायची. वर्षातून एखादी फेरी मारू, वाढदिवसाला वगैरे."

मुलीचा चेहरा पडलेला मला दिसला. ती म्हणाली, "मामा, आईने तसं नव्हतं सांगितलं."

"मग कसं सांगितलं?" मी विचारलं. "आता मला सांगाच. माझ्याच घरातली गोष्ट मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

"जाऊ दे ना, बाबा."

"जाऊ दे नाही. बोल."

ती भिंतीकडे बघत बोलली. "आई म्हणाली, बाबा गाडी पुसत बसतील. रोज पुसतील, पण चालवायचे नाहीत. माझ्यामागे ती नुसती उभी राहील, आणि ते तिच्याशेजारी उभे राहतील. मामाला द्या. तो वाटेल तशी चालवेल, पण चालवेल तरी."

ट्रकचा ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून ऐकत होता. तोही दुसरीकडे बघायला लागला.

मला राग आला. बारक्याचा नाही, मुलीचा नाही. जी गेली तिचा. इस्पितळात मी दिवसरात्र तिच्या उशाशी होतो. पाणी पाजत होतो, कुशीवर वळवत होतो. तेव्हा मला म्हणाली असती, की अरे, माझ्यामागे गाडी चालव. मी चालवली असती. निदान तोंडावर हो तरी म्हटलं असतं. पण ती मला म्हणायची, "तू घरी जाऊन झोप जरा." आणि मी पाठ वळवली की मुलीला हे. जाणाऱ्या माणसाने असं बोलून जाऊ नये. आपल्याला उलट बोलायची सोय राहत नाही.

आणि खरं सांगायचं तर, तिचा शब्द न् शब्द बरोबर होता. गॅरेजात दोन फडकी वाळत घातलेली सगळ्यांना दिसत होती.

"बारक्या," मी म्हटलं, "गाडी इथेच राहील."

"म्हणजे ताईचा शब्द मोडणार तुम्ही?"

"तू फरशा घातल्यास तेव्हाच मोडलास."

"पण तुम्ही तरी कुठे चालवता? तुम्हाला साठीनंतर तिच्यातून उठता तरी येतं का?"

"बाबा, मामा म्हणतो ते खरं आहे," मुलगी म्हणाली. "तुमचे गुडघे बघा."

मी फळ्या उचलल्या, फाटकाशी नेऊन टाकल्या. येऊन गाडीत बसलो. म्हणजे पडलोच आत. चालू केली. गॅरेजात तो आवाज असा भरला की बारक्याने कानावर हात ठेवला. काच खाली करून मी ड्रायव्हरला म्हटलं, "ट्रक बाजूला घ्या."

त्याने बारक्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडे बघू नका. फाटक माझं आहे."

ट्रक हलला. मी गाडी बाहेर काढली, एक झटका बसला, पण बंद पडू दिली नाही. मागून बारक्या ओरडला, "उद्या कुठे ठोकलीत तर मला फोन करू नका!"

"तुला कशाला करू? विमावाल्याला करीन."

मी शहराबाहेर लांबवर जाऊन आलो. परत आलो तेव्हा दोघंही गेले होते. बारक्याचा त्यानंतर फोन नाही. मुलगी बोलते, पण तोंडदेखलं. फळ्या रस्त्यात तशाच पडलेल्या होत्या आणि त्यांच्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली होती.

तेव्हापासून मी गाडी रोज चालवतो. प्रेमाने म्हणत असाल तर नाही. मला ही गाडी कधी आवडली नाही. एकट्या माणसाला तर ती छळ आहे. उतरायचं, फळ्या टाकायच्या, बसायचं, गाडी काढायची, उतरायचं, फळ्या उचलायच्या, पुन्हा बसायचं. तोवर गल्लीतली निम्मी पोरं जमा होतात. भाजीबाजारात जागा मिळत नाही. पेट्रोल पंपावर कुणीतरी विचारतोच, "काका, तुमचीच का?" मी म्हणतो, "नाही, चोरली." तो हसतो, मी हसत नाही. कंबर इतकी धरते की रात्री कुशीवर वळता येत नाही. पण बायकोला मनातल्या मनात म्हणतो, तू म्हणालीस ना, चालवणार नाही म्हणून? मग बघ. एवढ्या एका गोष्टीवर मी रोज उठतो. तिचं म्हणणं मी खोटं पाडलं, पण ते दाखवायचं कुणाला, हे काही सुचत नव्हतं. मुलीला दाखवून काय, ती नुसतं "सांभाळून, बाबा" म्हणते.

म्हणून गेल्या सोमवारी मी दवाखान्याच्या रस्त्याने गेलो. ती गेल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. मुद्दाम तिच्या वेळेला निघालो. तिथे तिच्या हाताखाली काम करणाऱ्या बाई अजून आहेत, नव्या डॉक्टरने त्यांना ठेवून घेतलंय. त्या बघतील, चार पेशंट बघतील, म्हणतील, डॉक्टरबाईंचे मिस्टर चालवतात हो गाडी. तेवढं पुष्कळ होतं मला.

कोपऱ्यावरून वळलो. गाडी तापलेली होती, मिस्त्रीने सांगितलं तशी दाबली, आवाज मोकळा झाला. दवाखान्यासमोर, ती लावायची तिथेच लावली.

दार उघडून बाई जवळजवळ धावतच बाहेर आल्या. एका हातात रबरी हातमोजा घातलेला, दुसरा मोजा तोंडात धरलेला. हसत होत्या. मी काच खाली केली आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. तोंडातला मोजा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"काका, तुम्ही होय," उठून त्या म्हणाल्या.

"मी. रोज चालवतो आता."

"हो का. बरं झालं." त्यांनी डोळे खांद्याला पुसले. "आवाज आला आणि मी डॉक्टरबाईंसाठी लावायची तसे दिवे लावले हो. खुर्ची पण वर घेतली. डोक्यात काही आलंच नाही."

 गाडी बंद करायचंही मला सुचलं नाही.

"एक सांगू, रागावणार नाही ना?" त्या म्हणाल्या. "तुम्ही गाडी चालवा, खुशाल चालवा. पण या रस्त्याने नका येऊ."

"बाजार इकडूनच जवळ आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, आणि दिवे घालवायला आत गेल्या.